नूरबानूचं नाक

मासळी ताजी की बर्फातली, हे माझ्या टोपलीवरचं फडकं न उचलता सांगणारी आगरदांड्यात एकच बाई, माझी शेजारीण नूरबानू. तिच्या नाकाने माझा धंदा निम्मा केला. म्हणून मागच्या थंडीत मी मुद्दाम तीन दिवसांचे बांगडे पुढे केले. "छान ताजे आहेत, सगुणा," म्हणाली, आणि घेतलेही. नूरबानूचं नाक म्हातारं झालं, असं मी गल्लीभर सांगत सुटले.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. अलिबागला एमआरआय केला. रिपोर्टात लिहिलं होतं, नाकाच्या वर, वासाच्या नसेपाशी, मेंदूच्या आवरणाला गाठ, बहुतेक साधी, सावकाश वाढणारी. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावं. मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र तीच फिल्म बराच वेळ उजेडाला धरली.

"साध्या गाठीजवळचं हाड बहुधा जाड होतं. इथे कुरतडलंय. आत रक्तवाहिन्याही फार. अशी एक दुर्मीळ, द्वाड गाठ असते. फोटोत दोघी सख्ख्या बहिणी दिसतात. काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. थांबू नका."

नूरबानू थांबली. नवरा यूनुस कुवेतला, चार महिन्यांनी ईदला येणार. आमच्याकडे परदेशातल्या माणसाला फोनवर वाईट बातमी देत नाहीत. तिने त्याला सर्दी सांगितली. "पहिला रिपोर्ट साधी म्हणतो ना? येऊ देत त्यांना."

एका दुपारी तिने ट्रंकेतून त्याचा सदरा काढला. मागच्या खेपेला जाताना उतरवलेला, तसाच न धुता ठेवलेला.

"हुंगून सांग, वास आहे का अजून? मला काहीच येत नाही."

मी हुंगला. नुसती डांबरगोळी.

"आहे की. ऊद थोडा, घाम जास्त. दादल्याला साबण पाठव."

ती हसली, आणि सदऱ्यात तोंड घालून बसून राहिली.

संध्याकाळी मी यूनुसला फोन लावला. "भाई, सर्दी नाही ती." माझ्या पोटात काही राहत नाही, त्याचा उपयोग जन्मात तेवढा एकदाच झाला.

आठव्या दिवशी तो आला. ऑपरेशन झालं. गाठ द्वाडच निघाली, पण वेळेत निघाली. नूरबानू महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

वास काही परत आला नाही. यूनुस आता दिघीच्या फेरीबोटीवर कामाला असतो, संध्याकाळी पडवीत तिच्याच शेजारी बसतो. तरी ती कुंपणापाशी येऊन हळूच विचारते, "आज कसला वास आहे गं त्यांना?"

"डिझेलचा. आणि घामाचा."

हल्ली खोटं बोलावं लागत नाही. ती डोळे मिटून लांब श्वास ओढते.