दुसऱ्याची कणगी

आमच्या ताईच्या थोरल्या दिरांइतक्या मोकळ्या मनानं दुसऱ्याच्या कणगीत डोकावणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत झाला नाही आणि होईलसं वाटत नाही. सारं किन्हवली त्यांना भाऊ म्हणतं, म्हणून मीही. भाऊंनी उमेदीची वर्षं टांझानियात काढली. तिकडच्या खेड्यांत घरोघर हिंडून, पिकवलेलं धान्य किती महिने पुरतं आणि संपल्यावर माणसं काय खातात, याचा ते अभ्यास करत. निवृत्त होऊन गावी आले, पण अभ्यास सुटला नाही. भेटल्यावर लोक तब्येत विचारतात, भाऊ विचारतात, "काल रात्री काय जेवलात?" आणि "नेहमीचंच" हे उत्तर त्यांना चालत नाही. एकदा एस.टी.च्या कंडक्टरला विचारलं, तर तो घंटी मारायची विसरला आणि हळूच म्हणाला, "वडापाव. पण घरी नका सांगू." वाण्याच्या दुकानात ते तांदळाचा दाणा दाढेखाली धरतात आणि "कट् नाय वाजला, ओल आहे, पोरकिडे होतील" असं भर गिऱ्हाइकांत जाहीर करतात. नाचणीविषयी मात्र ते सुनेसारखं बोलतात: आफ्रिकेचं माहेर सोडून इथं नांदायला आलीय, तिचे हाल करू नका.

हे सगळं गमतीत चाललं होतं, पण भाचीसाठी टोकावड्याचं घर बघायला गेलो तेव्हा ते अंगाशी आलं. भाचीनं मुलगा पसंत केला होता. मुरबाडला कंपनीत कामाला होता. चहा झाला आणि भाऊ उठून थेट आतल्या खोलीत गेले. कणगीचं झाकण उचललं, हात कोपरापर्यंत खाली घातला, आणि बाहेर येऊन विचारलं, "भात किती महिने पुरतं?"

मुलाचे वडील लालबुंद झाले. "आमी काय उपाशी मरतो का? पोरगी द्यायची नसंल तं तसं सांगा!"

ताईनं कपाळाला हात लावला. मी माफी मागायला तोंड उघडणार, इतक्यात दाराआडून मुलाची आई म्हणाली, "आता पुरतंय, भाऊ. पोरगा कामाला लागायच्या आधी आषाढातच सरायचं. मंग दोन महिने मी सगल्यांच्या मागून जेवायची. उरंल तेवढं."

मुलगा आईकडे बघत राहिला. "आये, तू तं बोलायचीस, भूक नाय."

"मंग काय बोलू?" ती म्हणाली.

भाऊंनी हाताला लागलेलं तूस झटकलं. ताईला म्हणाले, "पोरगी इथंच द्यायची. या घरात बाई खरं बोलते."

परतताना एस.टी.त मी चिडूनच विचारलं, "लग्न मोडलं असतं म्हणजे?"

भाऊ म्हणाले, "तिकडं टांझानियात एका बाईला विचारलं होतं. हसून म्हणाली, भरपूर आहे. मी लिहिलं, भरपूर. मला जेवायलाही घातलं तिनं. मागाहून कळलं, घरात होतं नव्हतं ते त्या दिवशी रांधलं. माझ्या लिहिण्यानं तिचं नाव मदतीच्या यादीत आलंच नाय. पुन्हा गेलो तर घर रिकामं. कुठं गेली, कोणाला सांगता आलं नाय. तवापासून झाकण उघडतो."

लग्न झालं. भाची सुखात आहे. भाऊ आता गुडघ्यांमुळे फारसे बाहेर पडत नाहीत. कधी संध्याकाळी टांझानियातल्या जुन्या सोबत्याचा फोन येतो, आणि भाऊ अंगणात खुर्ची टाकून तिकडच्या भाषेत तासभर बोलतात. हातवारे करतात, खदखदून हसतात. मराठीत त्यांना असं हसताना आम्ही कधी पाहिलेलं नाही. एक अक्षर कळत नाही. चहाचा कप शेजारी ठेवून आम्ही आत येतो.