पात्यांत अडकलेलं गवत

उत्तरेतल्या हिंदीभाषक गावात, खंडेराव गेटजवळ राहणाऱ्या विजयालक्ष्मीबाईंचं विजेवरचं गवत कापायचं यंत्र वर्षाच्या आतच बंद पडलं. कंपनीच्या मेकॅनिकने ते उलटं करून पाहिलं.

"माताजी, वारंटी मोटर की है. यहाँ तो घास जमी है, सफाई आपको करनी थी."

बाईंनी वाकून पाती पाहिली. त्यांचे यजमान जयसिंगराव होते तोवर दर रविवारी हातयंत्राची पाती ओसरीवर बसून खरवडत, तेल देत. "सगळी ओसरी घाण करता!" म्हणून त्या करवादायच्या. ते नुसते हसायचे.

मेकॅनिक गेल्यावर त्यांनी प्लग काढला, पदर खोचला आणि पाती स्वच्छ खरवडली. ओल्या गवताच्या वासाने डोळे भरून आले. यंत्र सुरू झालं तशी तिथेच वाढलेली, हिंदीच बोलणारी नात स्वरदा धावत आली.

"आजी, किसने ठीक किया?"

"ह्यांनी," त्या म्हणाल्या.