मुरमाच्या वाटेवर मामीसोबत

फाटकावरच्या माणसाने मामीच्या सायकलच्या कॅरियरला बांधलेला डबा सोडायला घेतला तेव्हाच माझं डोकं फिरलं. तेलाचा रिकामा डबा, आत मूठभर गिट्टी. चाक उसळलं की डबा खडखडतो, आणि वळणापलीकडे जे काही बसलेलं असेल ते आपण पोचायच्या आत उठून निघून जातं. नाकाडोंगरीच्या आसपास जंगलातून सायकल नेणारे सगळेच असं काहीतरी वाजतं ठेवतात. यात मोठं शास्त्र नाही. पायी जाणारा माणूस बोलत, खोकत, काठी आपटत जातो. सायकल मात्र जनावराला कळायच्या आत त्याच्या पुढ्यात उभी राहते.

“वयनी, हे नाई चालत आता,” तो म्हणाला. “पाटी वाचली नाई काय?”

पाटी मी वाचली होती. वाहनमुक्त ग्रॅव्हल सायकलिंग. शांतता राखा. गाणी, भोंगे, आरडाओरड मनाई. नदीच्या घळईतून जाणारा हा मुरमाचा रस्ता आता नव्या निसर्ग-उद्यानाचा झाला होता. वाहनबंदीबद्दल माझी तक्रार नाही. रेतीचे ट्रॅक्टर इथून हटवा म्हणून मीच मोहाडीच्या बाजारात पत्रकं वाटली होती, आजही वाटेन. पण ट्रॅक्टर गेल्यावर ही जी शांतता आणली, ती कोणासाठी? नागपूरहून गाडीच्या टपावर सायकल बांधून येणाऱ्यांसाठी. या वाटेने रोज पोटासाठी जाणाऱ्या बाईला कोणी विचारलं?

मामी पलीकडच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते. घळईतून गेलं की सकाळच्या शाळेला वेळेत पोचते. डांबरी रस्त्याने डोंगराला मोठा वळसा पडतो, शिवाय त्यावर खाणीचे टिप्पर. हिवाळ्यात बिबट दिसला म्हणून उद्यानवाल्यांनी घळई बंद ठेवली होती. तेव्हा ती रोज उशिरा पोचली, आणि मुख्याध्यापकांनी सुनावलं की गावातलीच एक बाई हे काम करायला तयार आहे. म्हणजे आणखी एकदा रस्ता बंद झाला की मामीचं काम गेलं. आणि आता मोहाचे दिवस आले होते. मोह गळायला लागला की अस्वलं भल्या पहाटे झाडाखाली येतात. मामीला झोप लागेना. तिनेच फोन करून मला सोबतीला बोलावलं होतं.

मी फाटकावर भांडायला उभी राहिले. अस्वलाने पाटी वाचली आहे का, असं विचारलं. तो हसला.

“तूच ना ते भाषनवाली? अस्वलासमोर दे मंग भाषन.”

“राहू दे वं,” मामी मला म्हणाली. “टाइम जाऊन राहिला.”

डबा त्याच्या खुर्चीखाली गेला आणि आम्ही आत शिरलो.

रस्ता चांगला आहे, हे कबूल करायला हवं. दाबून बसवलेला मुरूम, मधे ना खड्डा ना गाडी. डावीकडे नदी, उन्हाळ्यामुळे डोहाडोहांत तुटलेली. दोन्ही बाजूंनी काळे कडे, आणि ऊन अजून त्यांच्या माथ्यावरच. पर्यटकांना हेच हवं असतं. मला मात्र पहिल्याच उतारावर कळलं की आपण फार वेगात आणि फार गुपचूप चाललो आहोत. टायरखाली मुरूम नुसता सरसरत होता. वळण आलं की ब्रेक दाबायचा, वळण सरलं की सोडायचा, तेवढ्यात पुढचं वळण. ब्रेकवरची बोटं आखडली होती. मी मामीला म्हटलं, आपण बोलत जाऊ. ती हो म्हणाली. पण बोलायचं काय, ते दोघींनाही सुचेना. मामीने विचारलं, आई कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. सभांमधून बोलणारी मी, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मामी पुढे होती. नदी जिथे कड्याला घासून वळते तिथे मोहाचा गोड, आंबूस वास आला. वास आला म्हणजे झाड आलं, हे मला कळत होतं. थांब, असं म्हणायचं होतं. तोवर ती वळली होती.

मी वळले आणि जेमतेम तिच्या मागे थांबले. झाड रस्त्यालाच होतं. फुलांचा पिवळट सडा, त्यावर एक काळा ढीग, आणि ढिगाच्या पाठीवर दोन लहान काळे ढीग. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असतं तेवढंच अंतर. मामीने ब्रेक मारला, चाक मुरमावर घसरलं आणि ती सायकलसकट आडवी झाली. अस्वल फुंकारलं, दोन पायांवर उभं राहिलं. पिल्लं पाठीला तशीच चिकटलेली. त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा मला दिसला. अजून दिसतो.

मामी उठेना. लुगड्याचा काठ साखळीत गेला होता. ती बसल्या जागी ओढत होती आणि तो आणखी अडकत होता. अस्वल खाली आलं आणि आमच्याकडे धावलं. थोडंसंच. मग थांबून पुन्हा फुंकारलं. ते पुन्हा धावेल आणि या वेळी थांबणार नाही, याबद्दल मला शंका नव्हती. मी तोंड उघडलं, आणि त्या तोंडाला जेवढं पाठ होतं तेवढंच बाहेर आलं.

“नदी आमच्या हक्काची!”

खालून, साखळीशी झटत असलेल्या मामीचा चिरका आवाज आला, “नाई कोनाच्या बापाची!”

ती कधी मोर्चाला आलेली नाही. तो दारावरून जाताना ऐकलं असेल. आम्ही तेच ओरडत राहिलो, पुन्हा पुन्हा, आणि कड्यांवरून ते दुप्पट होऊन परत येत होतं. अस्वल क्षणभर तिथेच उभं राहिलं, मग वळलं आणि पिल्लं पाठीवर घेऊन झुडपांतून कड्याच्या कपारीकडे चढत गेलं. दगड गडगडत खाली येत होते, ते थांबेपर्यंत आम्ही ओरडत होतो. मग मी लुगडं टरकन फाडलं आणि मामीला उठवलं. तिचं कोपर सोललं होतं. हसलो नाही. आता वाटतं हसायला हवं होतं.

निघताना तिने माझं मनगट धरलं.

“बोलू नको कोनाले. रस्ता बंद करतीन हे लोकं.”

मी वाद घातला नाही. भाकर तिची, ठरवायचं तिने. पण पलीकडचं फाटक दिसलं. तिथे एक माणूस जाड टायरची सायकल घेऊन आत यायच्या तयारीत होता. पुढच्या छोट्या सीटवर त्याची मुलगी, डोक्यावर गुलाबी हेल्मेट, हातात बिस्किट.

तिथल्या पहारेकऱ्याने मामीचं कोपर पाहिलं. “पडली काय वं? दिसलं काय काही?”

“नाई,” मामी म्हणाली. “घसरली.”

मी मामीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माणसाने पायडलवर पाय ठेवला. मला ओरडायचं होतं, आणि ओरडले असते तर मामीची चूल मीच विझवली असती. अस्वलासमोर जेवढी घाबरले नव्हते तेवढी मी त्या वेळी घाबरले. मामी फाटकाबाहेर पडली, सायकलवर चढली, उतरली, आणि मागे फिरली.

“भाऊ,” ती पहारेकऱ्याला म्हणाली, “त्या लेकराले नको जाऊ देऊ. मोहाखाली अस्वल हाये. पिल्लंवाली.”

फाटक लागलं. तो माणूस चिडला, इतक्या लांबून आलो म्हणाला, मग मुलीकडे पाहून त्याने सायकल वळवली. मामीने विचारलं की दुपारी घरी जायला तरी सोडाल ना. पहारेकरी म्हणाला की आता साहेब सांगतील तेव्हा. मी म्हटलं, रस्ता बंद करू नका, आवाज करू द्या, सकाळी जाणाऱ्यांबरोबर माणूस द्या. त्याने मान हलवली. त्याच्या हातात काही नव्हतं, आणि ज्यांच्या हातात होतं ते झोपले असतील.

मामी कोणावर रागावली नाही. शाळेच्या दारात तिने लुगड्याचा फाटका काठ आत खोचला आणि चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवशी घळई बंदच होती, आम्ही उजाडायच्या आत डांबरी रस्त्याने निघालो. मी मागे होते. मागून टिप्परचा उजेड पडला की मामी सायकल कडेच्या नालीत उतरवायची, धूळ बसेपर्यंत डोळे मिटून उभी राहायची, आणि पुन्हा ढकलत वर आणायची. किती वेळा, ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी तिचं मागचं चाक रस्त्यावर जरा जास्तच राहिलंय असं मला वाटायचं. डोंगर संपला, गावाची कौलं दिसली, आणि शाळेची घंटा ऐकू आली. आम्ही अजून नालीतच उभ्या होतो.

“चाल,” मामी म्हणाली, आणि सायकल वर काढली.