कोरडी पडलेली नळी

आत्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं एकच काम करते: रक्तात, लघवीत औषधाचा माग काढणं. तिचं हत्यार म्हणजे बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी. तिच्यात चिमूटभर पांढरी भुकटी, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांनी भरलेली. नमुना तिच्यातून सावकाश गाळला की बाकी सगळं वाहून जातं, औषधाचे कण छिद्रांत अडकतात. ते सोडवून यंत्रात घालायचे. पथ्य एकच. भुकटी आधी भिजवायची आणि नमुना ओतेपर्यंत सुकू द्यायची नाही. सुकली की ती रुसलेल्या जावेसारखी, आत्या म्हणते. समोरून कुणी गेलं तरी हाक मारत नाही.

त्या दुपारी अडीच वर्षांची एक मुलगी आली होती, हलवूनही जागी न होणारी. डॉक्टरांना आजोबांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांचा संशय होता. आजोबा म्हणत होते, डबी कपाटावर असते, तिचा हात पोचणारच नाही. औषध सापडलं तर त्यावरचा उतारा द्यायचा; नाही तर आजार मेंदूत शोधायचा.

आत्याने भुकटी भिजवली आणि वॉर्डातून तिसरा फोन आला. फोन केल्याने यंत्र पळत नाही, असं तिने सुनावलं, परत येऊन नमुना ओतला. यंत्राची रेघ सपाट आली. तिने कळवलं, काही नाही.

मग टेबल आवरताना नळी उजेडासमोर आली. भुकटी कडेपासून सुटली होती, मधोमध केसाएवढी भेग. नमुना भुकटीतून नव्हे, त्या भेगेतून गेला होता.

चूक लपवता आली असती. नळी केराच्या डब्यात, आणि कुणाला कळणार? तिने फोन उचलला.

"माझा रिपोर्ट धरू नका," ती म्हणाली. "नळी सुकली होती."

"बाई, आम्ही तिला मेंदूच्या तपासणीला न्यायला निघालोय," डॉक्टर म्हणाले.

"अर्धा तास द्या."

"वीस मिनिटं. तिचा श्वास मंदावतोय."

नमुना बाटलीच्या तळाशी उरला होता, एकदाच पुरेल एवढा. तिने नवी नळी घेतली, भुकटी भिजवली आणि लगेच नमुना ओतला. फोन वाजत राहिला, तिने मान वळवली नाही. थेंब, मग थेंब. एकोणिसाव्या मिनिटाला सपाट रेघेतून एक बारीक टोक वर आलं: औषध होतं. ती पळत वॉर्डात गेली.

संध्याकाळी मुलगी रडली, चांगली मोठ्याने. आईने दारातच आत्याचे दोन्ही हात धरले. "ताई, तुमच्यामुळे वाचली."

"आधी मीच चुकीचं सांगितलं होतं," आत्या म्हणाली.

आईच्या हातांची पकड सैल झाली. ती वळली आणि मुलीकडे गेली. आत्या बराच वेळ तिथेच उभी राहिली, रिकामे हात पुढे धरून.