तिसऱ्या गोटीचं काय करायचं

२०२३ साल. मी शहात्तर वर्षांचा. शाळा चौथीत सुटली, पण खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर जन्म काढला, त्यामुळे आग म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. नात मात्र थंडीत शिरली. बंगलोरला भयंकर थंडीतल्या अणूंवर पीएचडी करत होती. त्या मे महिन्यात बॅग घेऊन घरी आली आणि म्हणाली, सोडलं. थंड करायच्या मशीनची एक नळी गळली, आतलं सगळं गरम झालं, कित्येक महिन्यांची मेहनत गेली. माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या बापाला, तेच पाहिजे होतं. त्यानं प्रताप नगरातल्या ओळखीच्या माणसाला धरून मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत तिची मुलाखत ठरवून टाकली.

मला राग आला. पोरगी नेमकं काय सोडून राहिली, ते तरी कळू द्या!

"आबाजी, तुम्हाले नाही समजणार."

"काहून? तूच समजावण्यात कच्ची असशील."

हसली. कॅरम बोर्ड काढला. बोर्ड म्हणजे ग्रॅफाइट, पेन्सिलीत असतं ते. त्यावर हेलियम-३ नावाच्या दुर्मिळ हेलियमचा थर, एका अणूइतका पातळ. तिनं गोट्या चिकटून लावल्या. प्रत्येक अणू म्हणजे बारीकसं चुंबक. पांढरी गोटी वर पाहणारी, काळी खाली. शेजाऱ्याच्या उलट वागायचं, हा त्यांचा स्वभाव.

"आता तीन गोट्या एकमेकींले लावून ठेवा. शेजारी सारखी नको."

एक पांढरी, एक काळी. तिसरी? पांढरी ठेवली तर पांढरीशी भिडते, काळी ठेवली तर काळीशी. सून दोनदा जेवायला बोलावून गेली, मी हललो नाही.

"होतच नाही, आबाजी. अणूही असेच अडकतात. पण थर दाट करत गेलं का सगळे एकाच बाजूले पाहायला लागतात. कुठं पलटतात, तेच मी शोधून राहिली होती. भयंकर थंडीतच दिसते ते. जरा गरम झालं का सगळे सैरावैरा."

"दिसलं?"

"दिसतच होतं."

"मंग? बॉयलर बंद पडला का आम्ही घरी जाऊन बसत होतो काय वं? नळी बदल, पुन्हा थंड कर."

"बाबा ऐकतील काय?"

"बाबाचं राहू दे. तुले पाहायचं आहे का नाही?"

ती गोट्या डब्यात भरायला लागली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "पाहायचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आंघोळीला गेला तसा मी ऑटोत बसलो. प्रताप नगरातल्या त्या माणसाचं दार वाजवलं आणि उभ्याउभ्या सांगितलं, पोरगी मुलाखतीला येत नाही, तिला काम आहे.