दरीतून आलेली हाक

कोल्हापुरात आमच्या घरी हळू कोणी बोलत नाही. नवरा तर शेजारच्या खोलीतल्या माणसालाही, तो पलीकडच्या बांधावर असल्यासारखी हाक मारतो. त्या हाकेवरच वाढलेला आमचा कुत्रा घेऊन आम्ही आंध्रात गंडीकोटाला गेलो. रखरखीत मुलूख, लाल दगडांची खोल दरी, तळाशी तळ्यासारखं थबकलेलं पाणी, आणि कड्याला साधा कठडाही नाही.

पट्टा नीट अडकवा म्हणून मी वाटभर सांगत होते. गाडीतून उतरताच तो निसटला आणि कुत्रा कड्याकडे पळाला.

"यू यू यू! माघारी ये की रं!" नवरा ओरडला.

हाक समोरच्या कड्यावर आपटून परत आली. कुत्र्यानं कान टवकारले. धनी पलीकडून बोलावतोय असंच त्याला वाटलं असणार, कारण शेपूट हलवत तो थेट टोकाला गेला. नवरा आणखी जोरात ओरडला. कुत्र्याच्या पायाखालचे खडे घरंगळले. ते खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"गप बसा की! तुमच्याच हाकेनं मरंल त्यो!" म्हणत मी नवऱ्याच्या तोंडावर हात दाबला.

दरी गप्प झाली. कुत्रा बावरला, शेपूट पायात घालून आमच्याकडे सरपटत आला.

आमचं घर असं गप्प एकदाच झालं होतं, सासूबाई गेल्या त्या दिवशी. तेव्हाही तो असाच सरपटत येऊन माझ्या पायाशी बसला होता.