कापसाच्या खोलीतली कादंबरी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. जुने चार्जर ड्रॉवरमध्ये साठतात तसे ते घरात साठत जातात. कोणाचे, कधीचे, काही कळत नाही, आणि टाकायला गेलं की हात थांबतो. आमच्या घरातले सगळे किस्से एकाच खोलीतले आहेत. मी जळगाव जामोदला विज्ञान शिकवते, त्यामुळे भुताखेतांबद्दल मला काही विचारू नका. जे घडलं तेवढं सांगते.

*

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, भाव मनासारखा झाल्याशिवाय कापूस विकत नाहीत. तोवर पुढची खोली छतापर्यंत भरलेली! माझ्या दोन विद्यार्थ्यांनी, प्रज्ञानं आणि फैजाननं, अकरावीत गेल्यावर मिळून कादंबरी लिहायला घेतली. एकेक प्रकरण मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करायचं आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकायचं, असा बेत. त्यासाठी आवाज न घुमणारी जागा हवी होती. गावात स्टुडिओ कुठला असायला! मी त्यांना ती खोली दाखवली.

फैजाननं कापसात बसून जोरात टाळी वाजवली. टाळी हातातल्या हातात विझली.

"मॅडम, आवाज कुठी गेला?"

"कापसानं शोषला. नववीत शिकवलंय."

"मंग आता तो आत आहे?" प्रज्ञानं विचारलं.

प्रश्न चांगला होता. पण परीक्षेला येत नाही म्हणून मी सोडून दिला!

*

कादंबरीचं नाव 'सरकी'. कापसाच्या बोंडातलं बी असतं ना, ती सरकी. पुढे कधीतरी सातपुड्यावर काचेचं शहर उभं राहिलंय, तिथल्या प्रयोगशाळेत माणसांचे आवाज सरकीच्या दाण्यांत साठवून ठेवतात, आणि डोंगरातली एक डाकीण ते आवाज खायला येते. यंत्रं फैजानच्या वाट्याला, डाकीण प्रज्ञाच्या. त्यामुळे रोज भांडणं.

"डाकिणीले चार्जिंग काऊन लागते बे?"

"मंग ती जगते कशावर?"

"भीतीवर!"

"भीतीचं एकक सांग मले!"

शेवटी तडजोड झाली आणि डाकीण सोलरवर चालायला लागली. दिवसा हिंडणारी डाकीण! मी आधी खूप हसले. मग ते प्रकरण ऐकलं आणि भर दुपारी मागचं दार लावून घेतलं. रात्रीच्या डाकिणीपासून माणूस उजेडात पळतो, हिच्यापासून पळणार कुठे?

*

एकदा फैजान हेडफोन घेऊन थेट शाळेत आला. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, ऐका."

ऐकलं. प्रज्ञा वाचत होती. पण तिच्या प्रत्येक वाक्याच्या आधी तेच वाक्य कोणीतरी अगदी हळू म्हणत होतं. नाटकात विंगेतून सांगतात तसं.

"प्रतिध्वनी असेल," मी म्हटलं.

"मॅडम, प्रतिध्वनी मांगून येते. हा अगोदर येऊन राह्यला!"

मी फाईल खराब आहे असं सांगून त्याला परत पाठवलं. शिक्षकाला उत्तर येत नसलं की विद्यार्थ्याचा मोबाईल खराब असतो, हा आमच्या धंद्यातला जुना नियम आहे.

*

यातलं हसणं इथे संपतं. प्रज्ञाची आई संगीताताई. विहारात वंदना सुरू झाली की बाकीचे सगळे त्यांच्या आवाजामागून म्हणायचे, असा आवाज. त्यांना घशाचा आजार निघाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

प्रज्ञानं घाईघाईनं एक प्रकरण लिहिलं. त्यात सरकीची राखण करणारी एक बाई होती.

"हे आईच वाचणार, मॅडम. मले तिचा आवाज ठेवून घ्याचा आहे."

संगीताताई आल्या, कापसात मांडी घालून बसल्या आणि वाचलं. घसा दुखत होता तरी सगळं वाचलं. मध्येच पान बाजूला ठेवून लेकीशी कितीतरी वेळ बोलत बसल्या. कागदाची सळसळ नको म्हणून फैजाननं मोबाईल कापसात चांगला खोल खुपसून ठेवला होता.

ऑपरेशन झालं. धावपळीत ऐकायची राहिलेली फाईल त्यानंतर उघडली. नुसती शांतता! कापसानं एक अक्षरही मोबाईलपर्यंत पोचू दिलं नव्हतं.

फैजान ढसाढसा रडला. प्रज्ञा रडली नाही, आणि मला तेच बघवत नव्हतं. तिनं लिहिणं सोडलं, जेवण टाकलं. संगीताताई ताटाकडे हात करून खुणा करायच्या आणि ही दुसरीकडे बघायची. फैजानचा राग मला कधीच आला नाही. राग आला तो माझाच, कारण ती खोली मीच दाखवली होती.

*

मग भाव चढला. मामाजींनी एका दिवसात खोली रिकामी केली आणि माल खामगावच्या जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्यात पाठवला. संध्याकाळी तिथल्या हमालाचा फोन आला.

"भाऊ, तुमच्या गाडीत कोणी झोपलं हाये का?"

"काऊन?"

"मालातून पुस्तक वाचल्यासारखा आवाज येऊन राह्यला. पोट्टे गाडीले हात लावाले तयार नाहीत!"

मामाजींनी क्षणभर विचार केला. "त्यानं वजन वाढते काय?"

"नाही."

"मंग वाचू दे ना बे!"

*

त्या कापसातलं एक पोतं मी मामाजींच्या नकळत मागे ठेवलं होतं. ऑपरेशननंतर संगीताताईंना उंच उशी लागायची. मी आणि प्रज्ञानं बसून हातानं सरकी काढली आणि पोतं करीमचाचांकडे पिंजायला दिलं. करीमचाचा नांदुऱ्याहून नुकतेच इथे आलेले, गादीचं दुकान नवीन. पोतं द्यायला मी एकटीच गेले होते. प्रज्ञाला ते ओळखत नव्हते, तिच्या आईला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी बोलावून घेतलं. मी गेले, सोबत प्रज्ञा आणि फैजान. पोतं जसंच्या तसं मशीनपाशी पडलेलं.

"ताई, हे मी नाही पिंजत. तुमचं तुम्ही वापस घेऊन जा."

"का हो चाचा?"

"मशीन लावली का आतून बाई बोलते. बंद केली का गप." चाचांनी उगाचच हात पुसले. "ओरडत नाही, रडत नाही. घडीघडी एकच इचारते."

"काय?"

"प्रज्ञा जेवली काय?"

फैजाननं मोबाईल काढला. "चाचा, एकदा लावा ना. फक्त एकदा. प्रज्ञा, तू बोलू नको, या बारीनं रेकॉर्ड होऊ दे."

चाचांनी नाइलाजानं पोत्यातला मूठभर कापूस घातला आणि बटण दाबलं. खरं सांगते, मला नुसतं मशीन ऐकू येत होतं.

प्रज्ञानं ओठ गच्च मिटून घेतले होते. डोळे मशीनवर. फैजान मानेनंच नको नको म्हणत होता. सकाळपासून त्या पोरीच्या पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता. मग ती पोत्याजवळ बसली आणि कापसात तोंड घालून म्हणाली, "हाव आई. जेवली मी."

मशीन चालूच होतं. चाचांनी कान लावला, बराच वेळ लावून ठेवला.

"गप झाली," ते म्हणाले.